पान उलटून पाहिलंत का?

पाऊस ओसरायला लागला की गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या गटांत एक भांडण हमखास उगवतं. कुणीतरी पिवळ्या पडलेल्या जास्वंदीचा फोटो टाकतं आणि खाली दोनच शब्द लिहितं, "काय करू?" दहा मिनिटांत आठ उपाय हजर. एप्सम सॉल्ट घाला, ताक घाला, अंड्याची टरफलं घाला, कांद्याच्या सालींचं पाणी घाला, जागा बदला, माती बदला, कुंडी बदला, दृष्ट काढा (हे शेवटचं गमतीने, निदान तसं वाटतं). नववा माणूस मात्र वैतागलेला असतो. "हे शंभरदा विचारून झालंय. आधी स्वतः शोधायची तसदी घ्या की!" तिथून पुढे जास्वंद बाजूला पडते. एक बाजू म्हणते, विचारायचंच नाही तर गट कशाला हवा? दुसरी म्हणते, आम्ही काय फुकटचे माळी आहोत? दोन दिवस हे चालतं, कुणीतरी रुसून बाहेर पडतं, आणि इकडे जास्वंदीची पानं गळत राहतात.

वाद संपत नाही, कारण तो चुकीच्या प्रश्नावर चाललेला असतो. "आधी शोधलंत का?" या प्रश्नातून विचारणाऱ्याची चिकाटी कळेल, झाडाबद्दल काहीच कळत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. बागेच्या छंदात माणसांना विचारणं याला आळस म्हणणं चूक आहे, बहुतेक वेळा तोच जास्त अचूक रस्ता असतो. विचारणाऱ्याने गृहपाठ करायला हवा हे खरं, पण तो शोधण्याचा नव्हे, पाहण्याचा. ज्याने वीस लेख वाचलेत पण पान उलटून पाहिलेलं नाही, त्याचा प्रश्न कोराच आहे. उलट ज्याने एक ओळ वाचली नाही, पण कुंडीत दोन पेरं बोट खुपसून ओल तपासली आहे, त्याला उत्तर देता येतं.

'आधी शोधा' हा दंडक आला कुठून? तो आला संगणकवाल्यांकडून. १९८०च्या दशकात यूझनेट या जुन्या संगणकीय चर्चाजाळ्यावर नवे लोक तेच तेच प्रश्न विचारत, म्हणून जुन्यांनी 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' अशा याद्या करून ठेवल्या आणि नव्यांना बजावलं, आधी यादी वाचा, मग तोंड उघडा. तिथे ते रास्तच होतं. एखाद्या प्रणालीतला अमुक क्रमांकाचा बिघाड बोस्टनमध्ये जसा, तसाच बारामतीत. एकाला सापडलेलं उत्तर अक्षर न बदलता दुसऱ्याला लागू पडतं. असं ज्ञान एकदा लिहून ठेवलं की पुन्हा विचारणं म्हणजे खरोखर दुसऱ्याचा वेळ खाणं. पण हा नियम उचलून कुंडीतल्या झाडाला लावला की गडबड होते. झाड एका जागी उभं असतं. त्या जागेचं ऊन, तिथलं पाणी, तिथली माती त्याच्या प्रत्येक पानात उतरलेली असते. दोन गच्च्यांमध्ये रस्त्याचं अंतर असलं तरी एकीवर टाकीची सावली पडते आणि दुसरीवर नाही.

उन्हाचंच घ्या. इंग्रजी लेख सांगतात, दक्षिणेकडे तोंड असलेली जागा निवडा, तिथे सर्वाधिक ऊन मिळतं. लंडनमध्ये हे बारमाही खरं आहे, कारण तिथे भरदुपारचा सूर्य कायम दक्षिणेलाच असतो. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावरून जातो, आणि तिथपासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. म्हणजे हिवाळ्यात जी दक्षिणेची बाल्कनी उन्हाने भरलेली, तीच मेअखेर अंधारी, आणि उत्तरेची बाल्कनी जिला सगळे नावं ठेवतात तिला ऐन उन्हाळ्यात चटका बसतो. गुलाबाची छाटणी कधी करायची? ब्रिटिश लेखांप्रमाणे फेब्रुवारी-मार्चमध्ये, कडाका संपताना. आपल्याकडे ती पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरात करतात, म्हणजे थंडीत फुलं मिळतात. फेब्रुवारीत छाटलेल्या गुलाबाला नवी फूट येते ती नेमकी मार्च-एप्रिलच्या झळांत. 'शेवटचं दहिवर पडून गेल्यावर रोपं बाहेर लावा' हा तर त्या लेखांतला लाडका सल्ला. ज्या राज्यात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की वर्तमानपत्रात फोटो छापून येतो, तिथे या वाक्याचं करायचं काय? आपलं पंचांग रोहिणी, मृग, आर्द्रा, हस्त यांनी चालतं.

टोमॅटोला 'किमान सहा ते आठ तास पूर्ण ऊन' हेही तसंच. थंड देशातल्या मवाळ उन्हाबद्दल ते खरं आहे. पण अकोल्यात किंवा नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना गच्चीवरच्या टोमॅटोला आठ तास ऊन देणं म्हणजे त्याला तव्यावर टाकणं. दिवसाचं तापमान ३५च्या वर आणि रात्रीचं २५च्या खाली येत नसलं की परागकण निकामी होतात आणि फुलं फळ न धरता गळतात. मग माणूस खत वाढवतो, पाणी वाढवतो, फुलं गळतच राहतात. त्याला ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधायला आणि मुख्य लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात करायला कोण सांगणार? दोन गल्ल्या पलीकडे ज्याने दोन उन्हाळे टोमॅटो घालवलेत तोच.

मातीची गोष्ट आणखी खोल जाते. देशावरची बहुतेक काळी माती बेसॉल्टची झीज होऊन झालेली. चिकणमाती भरपूर, चुनखडी भरपूर, सामू (म्हणजे आम्लता मोजणारा पीएच) साडेसात-आठच्या आसपास. कोकणातली जांभ्याची लाल माती याच्या उलट, आम्लधर्मी आणि चटकन निचरा होणारी. आता जास्वंदीची शेंड्याकडची पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता. पण रत्नागिरीत आणि सोलापुरात तिचं कारण एकच असेल असं नाही. सोलापुरात मातीत लोह असतंच. सामू चढल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही, आणि बोअरच्या कठीण पाण्याने तो रोज थोडा आणखी चढतो. दुकानात 'चिलेटेड आयर्न' (दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह) म्हणून जी पुडी मिळते ती पुष्कळदा ईडीटीए प्रकारची असते. सामू साडेसहाच्या वर गेला की तिची लोहावरची पकड सुटते. अशा मातीला ईडीडीएचए प्रकार लागतो; त्याची पूड काळपट तांबडी असते आणि पाण्यात घातली की पाणी लालभडक होतं. कमी सामूच्या मातीवर लिहिलेल्या लेखात हा फरक येण्याचं कारणच नाही, आणि अक्षरांची ही जंत्री आधीपासून माहीत नसेल तर शोधणार तरी कसं?

एप्सम सॉल्टची कथा याहून बोलकी आहे. ते म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी पडत असेल तर गुणकारी, नसेल तर निरुपयोगी. इतकंच असतं तरी चाललं असतं. पण टोमॅटोच्या कुंडीत ते सढळ हाताने पडलं की मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांची मुळांपाशी चढाओढ लागते आणि फळाचं बूड काळं पडून सडण्याचा त्रास वाढू शकतो. मग त्यावर उपाय म्हणून अंड्याची टरफलं. टरफल म्हणजे चुनखडीच; आधीच चुनखडीयुक्त असलेल्या मातीत ते विरघळायला इतका वेळ घेतं की टोमॅटोचा हंगाम उरकतो. बूड सडण्याचं नेहमीचं कारण साधं असतं, पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस बिलकूल नाही. एका चुकीच्या सल्ल्यावर दुसरा चुकीचा सल्ला असा इमला चढत जातो, आणि गंमत म्हणजे दोन्ही सल्ले शोधल्यावर पहिल्याच पानावर सापडतात.

नावांचा घोळ वेगळाच. 'चाफा वाळतोय' असं शोधलं तर काय सापडेल? सोनचाफा, देवचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा. यातली काही झाडं तर एकमेकांची लांबची नातेवाईकही नाहीत. देवचाफा हिवाळ्यात पानं टाकून खराट्यासारखा उभा राहतो, त्याला त्या काळात पाणी तोडायचं असतं. न तोडल्यास बुंधा मऊ पडून कुजतो. सोनचाफ्याला तेवढंच कोरडं ठेवलं तर तो गेलाच. भुईचाफ्याचा तर जमिनीवरचा सगळा भाग नाहीसा होतो, आत गड्डा जिवंत असतो, आणि नवखा माणूस 'मेलं' म्हणून कुंडी रिकामी करतो. शोधयंत्र तुम्ही टाकलेल्या शब्दाचं उत्तर देतं. 'ताई, फूल पांढरं की पिवळं? झाडाचा फोटो टाका बरं,' असं उलट विचारण्याची पद्धत अजून माणसांकडेच जास्त आहे. आणि पानामागे जाळं करणाऱ्या लाल कोळ्याबद्दल 'कोळी' एवढाच शब्द टाकून शोधणाऱ्यापुढे आधी मासेमारी येते.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि ते थोडंथोडकं नाही. पहिलं म्हणजे थकवा. 'कढीपत्ता वाढत नाही', 'मोगऱ्याला कळ्या येत नाहीत', 'जास्वंदीवर पांढरं काहीतरी आलंय' हे तीन प्रश्न वर्षभर फिरत असतात, आणि ज्यांना खरोखर उत्तर येतं अशी माणसं कुठल्याही गटात मूठभर असतात. ती कंटाळून गप्प झाली की उत्तरं द्यायला उरतात ते हौशे. दुसरं, गटातलं उत्तर आत्मविश्वासाने दिलेलं असतं म्हणून बरोबर ठरत नाही. एखाद्याने ताक घातलं आणि कढीपत्ता फुटला, यावरून ताकाने फुटला हे सिद्ध होत नाही. फेब्रुवारी होता, थंडी संपली होती, कढीपत्ता तसाही फुटणारच होता. तिसरं, काही गोष्टी माणसांना विचारूच नयेत. चौथं मला सगळ्यात जड वाटतं. जो स्वतः धडपडून वाचतो त्याला विषयाचा नकाशा मिळतो, आणि जो प्रत्येक वळणावर विचारतो त्याला फक्त पुढचं वळण.

तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण तिथे मी पूर्णपणे शोधणाऱ्यांच्या बाजूचा आहे. कीटकनाशकाची मात्रा कधीही गटात विचारू नये. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली आपल्याकडे औषधाची नोंदणी होते आणि बाटलीवर पीक, कीड, मात्रा, फवारणी आणि काढणी यांतलं अंतर हे सगळं छापलेलं असतं. लेबलवर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. पालक परवा खुडायचा आहे आणि औषधाला सात दिवस थांबायचं आहे, हे 'मी तर नेहमी टोपणभर घालते' असं सांगणाऱ्या काकूंना माहीत असण्याची खात्री नाही. आकडे, नावं, विषारीपणा, कायदा यांसाठी लेबल वाचा, कृषी विद्यापीठांच्या शिफारशी वाचा. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही ठिकाणचं साहित्य मराठीत आहे.

पण विद्यापीठाची शिफारस वाचली आणि मग? तिथे लिहिलेलं असतं हेक्टरी किती किलो नत्र (नायट्रोजन). समजा हेक्टरी १०० किलो. गच्चीवर हेक्टर नाही, बारा इंची कुंडी आहे. तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस मीटर. हिशोब केला तर कुंडीच्या वाट्याला ०.७ ग्रॅम नत्र, म्हणजे दीड ग्रॅम युरिया, तोही संपूर्ण हंगामात आणि हप्त्याहप्त्याने. चहाचा चमचाभर युरिया टाकला तर चारेक ग्रॅम पडतो, अडीच पटीहून जास्त, एकदम, आणि दुसऱ्या दिवशी कडा करपलेल्या. शिवाय शेतात मुळं दोन-तीन फूट खाली जाऊन ओल शोधतात, कुंडीत ती बुडाशी गोल गोल फिरतात. रोजच्या पाण्याबरोबर खत खालच्या भोकातून वाहून जातं. शेताचं शास्त्र कुंडीत उतरवण्याचं हे काम फारसं कुठे लिहिलेलं नाही. ते लोकांच्या हातात आहे. छंदी मंडळींकडे जायचं ते यासाठी.

आता चुकीच्या उत्तरांबद्दल. आठ जणांनी आठ उपाय सांगितले, हा त्या आठांचा दोष आहे का? फोटोत होती चार पिवळी पानं. पानं पिवळी पडण्याची कारणं किती? जुनी, खालची पानं एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्र. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देत असतं. खालच्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, आणि तिथे एप्सम सॉल्ट बरोबर. हेच चित्र शेंड्याच्या पानांत असेल तर लोह, कारण लोह एकदा पानात बसलं की तिथून सहसा हलत नाही, नव्या पानाची उपासमार होते. माती ओली असूनही झाड मलूल, तर मुळं गुदमरलेली. कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढा. मुळं पांढरट असली तर ठीक, तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी असली तर भोक बुजलंय. पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके असतील तर पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. तो कीटक नाही, आठ पायांचा आहे, म्हणून नेहमीची पुष्कळ कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, तीन-चार दिवसांनी पुन्हा, हे आधी. आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर, पानांची टोकं जळलेली, तर क्षार साठलेत. घरातल्या आरओचं फेकलं जाणारं पाणी 'वाया कशाला घालवायचं' म्हणून झाडांना घातलं जातं, तिथे हे फार दिसतं. कुंडीच्या दुप्पट-तिप्पट चांगलं पाणी सावकाश ओतून क्षार धुवून काढावे लागतात.

ही सहा कारणं झाली आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक आहे. मुळं कुजलेल्या झाडाला खत दिलं तर ते लवकर मरतं. मग 'काय करू?' या दोन शब्दांवर माणसाने सांगितलेलं उत्तर आणि शोधून सापडलेलं उत्तर यांत फरक तो काय? दोन्ही अंदाजच. "शोधा" म्हणून पिटाळलेला माणूस तिकडे जाऊनही 'पानं पिवळी' हेच टाकणार, आणि तिथेही त्याला आठ उपायच मिळणार, फक्त वैतागलेला नववा माणूस तिथे नसेल. चूक विचारण्यात झाली नाही, न पाहता विचारण्यात झाली.

विचारणं हे कमी दर्जाचं काम आहे, या समजुतीला इतिहासातही आधार नाही. चार्ल्स डार्विनने १८३९ साली प्राण्यांच्या पैदाशीबद्दल प्रश्नांची एक छापील पुस्तिकाच काढली होती. पुढे तो लंडनमधल्या कबुतरबाजांच्या मंडळांचा सभासद झाला आणि कबुतरं पाळणाऱ्या, शिकलेल्या समाजात ज्यांना कुणी विचारत नसे अशा माणसांना विचारत बसला. १८५५ मध्ये त्याने 'गार्डनर्स क्रॉनिकल' या माळीकामाच्या साप्ताहिकात लिहिलं, समुद्राच्या पाण्याने बिया मरतात का, असे प्रयोग आधी कुणी केलेत का? हा प्रश्न विचारताना त्याच्या घरी खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांत बिया भिजत पडल्या होत्या. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवस भिजूनही रुजले, हा हिशोब त्याने नंतर मांडला. त्याने आधी ग्रंथालय पालथं घातलं होतं की नाही, हे त्या साप्ताहिकाच्या कुठल्या वाचकाला महत्त्वाचं वाटलं असेल? त्याच्या हातात बाटल्या होत्या, म्हणून प्रश्नाला वजन होतं.

एवढं लांब जायचीही गरज नाही. द्राक्षाचा वेल थंड देशात हिवाळ्यात झोपतो, त्याची वर्षातून एक छाटणी होते. महाराष्ट्रात तो झोपतच नाही. म्हणून इथे दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यांत घड बनतो, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जिच्यातून तो घड बाहेर येतो. परदेशी पुस्तकात बघून इथली बाग उभी करता आली नसती. याच महाराष्ट्रात कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर 'प्रयोग परिवार' चालवत होते. तासगावच्या द्राक्षवाल्यांपासून दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब जगवू पाहणाऱ्यांपर्यंत लोक त्यात होते. रीत साधी होती. आपल्या रानात करून बघायचं, मोजायचं, आणि झालं ते इतरांना कळवायचं. त्यात प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा अशा दोन जाती नव्हत्या. आज ज्याला सल्ला मिळाला, त्याच्याकडून उद्या निकाल येणं अपेक्षित होतं.

आपल्या गटांत नेमकं हेच होत नाही, आणि थकव्याचं मूळ मला पुनरावृत्तीपेक्षा इथे दिसतं. उपाय सांगितला जातो, हात जोडल्याची चित्रं येतात, आणि पुढे काय झालं ते कुणीच सांगत नाही. जास्वंद जगली की गेली? ताकाने फरक पडला की नाही? मोगऱ्याला डिसेंबरात पाणी तोडून जानेवारीत छाटलं तर नव्या फुटीवर भरपूर कळ्या येतात असं सांगितलं जातं. ज्या वीस जणांनी ते केलं त्यांच्यापैकी किती जणांच्या मोगऱ्याला दिवसातले पाच-सहा तास ऊन होतं, आणि किती जणांचा नुसत्या पानांनी भरला? हे कळलं असतं तर तोच प्रश्न पुन्हा आला तेव्हा उत्तर आधीपेक्षा नेमकं झालं असतं. निकाल न कळवल्यामुळे जाणकार माणूस दहा वर्षं तेच वाक्य म्हणत राहतो. कुणाचाही जीव उबगेल.

चौथा मुद्दा राहिला, नकाशाचा. वाचल्याने नकाशा मिळतो हे कबूल. पण कुणाला? मराठीत कुंडीतल्या बागेवर सविस्तर, इथल्या हवामानाचं साहित्य इंग्रजीच्या मानाने फार थोडं. 'शोधा' म्हणजे प्रत्यक्षात 'इंग्रजीत शोधा'. ज्यांना त्याची सवय नाही, त्यांत निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुंडी हातात घेतलेल्या कितीतरी बायका-माणसं असतात, ज्यांचं निरीक्षण एरवी कुणापेक्षा कमी नसतं. भाकरीचं पीठ किती मळलं की पुरे हे बोटांना कळतं, तर माती वाळली की नाही हेही कळतंच. अशांना पहिल्याच प्रश्नाला झिडकारलं तर ती पुढे वाचतात असं नाही, बाग सोडतात. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे बक्षीस मिळालेल्या कुंडीपाशी उभं राहून 'माती काय घातलीत?' असं विचारणाऱ्याला कुणी 'आधी शोधून या' म्हणतं का? तिथे न खटकणारी गोष्ट फोनवर का खटकावी?

म्हणून उत्तर देणाऱ्यांनीही एक शिस्त पाळावी असं मला वाटतं. उपाय सांगण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या, आणि स्वतःचा अनुभव सांगताना गाव, महिना, कुंडीचा आकार जोडायचा. 'निंबोळी तेल मारा' यात काही नाही. लिटरभर पाण्यात पाच मिली तेल, आधी दोन मिली द्रव साबण पाण्यात कालवून मगच तेल, कारण नुसतं तेल वर तरंगतं आणि पानावर डाग होऊन बसतं. ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने. दुपारी मारलं तर पानं भाजतात. एवढं लिहायला मिनिटही लागत नाही.

आणि विचारणाऱ्याचा प्रश्न असा येऊ शकतो:

"सोलापूर. तिसरा मजला, पश्चिमेची गच्ची, ऊन बारा ते सहा. दोन वर्षांची जास्वंद, १४ इंची प्लास्टिकची कुंडी. माती निम्मी नर्सरीतली लाल, निम्मं शेणखत. पाणी बोअरचं, रोज सकाळी. भोकातून लगेच बाहेर येतं. शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या, खालची पानं ठीक. पानामागे काही नाही. मातीवर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे आले. गेल्या महिन्यात एप्सम सॉल्ट दोनदा घातलं, फरक नाही."

यात शोधल्याची एकही खूण नाही, आणि तरी हा वाचून जुना माणूस सरसावून बसतो. "ताई, एप्सम बंद करा. बोअरच्या पाण्यातला चुना मातीत साठलाय, ते बुडबुडे त्याचेच. लोह ईडीडीएचए आणा, पाकिटावर लिहिलंय तेवढंच घ्या, पाण्यात विरघळवून मातीत द्या, पानांवर नको. पावसाचं पाणी धरता आलं तर उत्तम. आत्ता पिवळी आहेत ती पानं कदाचित तशीच राहतील, नव्या पालवीकडे लक्ष ठेवा. तीन आठवड्यांनी कशी आहे ते सांगा, माझ्याकडेही एक अशीच आहे."